जांभळीवरचे फोन

माझ्या मैत्रिणीसाठी कोल्हापूर म्हणजे परदेश. हे मी कसबा बावड्यात कुणाला सांगितलं की माणूस आधी हसतो, मग विचार करतो, मग पुन्हा हसतो. आमच्याकडं परदेश म्हणजे जर्मनी, नाहीतर कॅनडा. पोरगं तिकडं शिकायला गेलं की गल्लीत पेढे वाटायचे आणि विमानतळावरचा फोटो आठवडाभर स्टेटसला ठेवायचा. कुणी शिकायला म्हणून परदेशी जाईल आणि ते जाणं कोल्हापूरला असेल, हे आमच्या डोक्यात शिरतच नाही. पण ती आली. टांझानियातल्या एका मोठ्या सरोवराच्या काठच्या गावातून निघाली, दोन विमानं आणि एक रात्रीची बस बदलून आमच्या विद्यापीठात आली आणि एम.एस्सी.च्या वर्गात माझ्या शेजारी बसली.

तिचं मराठी मेसच्या काकूंकडून आणि माझ्याकडून आलेलं. म्हणजे बघा, काय दर्जाचं असेल. पुस्तकातलं मराठी ती कधी शिकलीच नाही. कोल्हापुरात आम्ही बायकासुद्धा ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतो, तशीच तीही म्हणते. पुण्याच्या एका प्राध्यापिकाबाईंनी एकदा तिला दुरुस्त करायचा प्रयत्न केला. हिनं सगळं नीट ऐकून घेतलं, ‘व्हय की’ म्हणाली आणि पुढचं वाक्य पुन्हा तसंच बोलली.

ही गोष्ट जानेवारीतल्या एका रविवारची आहे. तिची थोरली बहीण बाळंत व्हायची होती. दिवस उलटून गेले होते, आणि आदल्या संध्याकाळी बहिणीला दवाखान्यात नेल्याचा निरोप आला होता. एवढंच असतं तर आम्ही मजेत असतो. पण यांची आई धाकट्या भावाच्या बाळंतपणात गेली होती. बाळ वाचलं, आई नाही. माझी मैत्रीण तेव्हा सात-आठ वर्षांची, दाराबाहेर बसलेली. आतून बाळाच्या रडण्याचा आवाज आला आणि ही आनंदानं टाळ्या वाजवत सुटली. टाळ्या वाजवत असतानाच कुणीतरी येऊन तिचे हात धरले. हे तिनं मला एकदाच सांगितलंय, तेही दिवे गेले होते तेव्हा. म्हणून बाळ झालं का, हा तिचा प्रश्नच नव्हता. बहीण वाचली का, एवढाच प्रश्न होता.

सकाळी मी हॉस्टेलवर गेले तर ही व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होती. फोन हातात. मला बघितल्या बघितल्या म्हणाली, “मला फोन लाव.”

“मी समोर हाय की.”

“लाव. वाजतोय का बघतो.”

लावला. वाजला. ठेवला. पाच मिनिटांनी पुन्हा म्हणाली, लाव. माझं डोकंच फिरलं. मला कुणी तगमग करताना दिसलं की माझ्याच अंगाला खाज सुटल्यासारखं होतं. पाठीवरून हात फिरवणं, धीर देणं, हे आमच्या घराण्यात कुणालाच जमत नाही. आजोबा वारले तेव्हा माझ्या वडिलांनी तिसऱ्या दिवशी उसाला पाणी धरलं आणि आईनं सगळ्या घराला बाहेरून आतून चुना मारला. काळजी लागली की उठायचं, काहीतरी काम काढायचं आणि पोटभर खायचं. दुसरं औषध आमच्याकडं नाही.

“खोलीत बसून फोनकडं बघितलंस म्हणून बाळ लवकर येतंय व्हय?” मी म्हटलं. “चल. गाडीवर बस. आत्याकडं जाऊन येऊ.”

माझी आत्या मलकापूरच्या पुढं, आंबा घाटाच्या अलीकडं, डोंगरातल्या एका वाडीवर दिलेली. कित्येक महिने पाठीमागं लागली होती की तुझी ती परदेशातली मैत्रीण एकदा आण, मला बघू दे तरी.

मैत्रिणीनं एकच विचारलं, “तिथं रेंज हाय?”

“हाय की! दर रविवारी आत्याला फोन करतो मी. एकदा पण लागला न्हाय असं झालं न्हाय.”

आणि हे खरं होतं. देवाशप्पथ खरं होतं. आत्याचा फोन नेहमी लागायचा. दर वेळी वेगळंच माणूस उचलायचं, मग कुणीतरी लांब ओरडायचं, मग बऱ्याच वेळानं धापा टाकत आत्या यायची. पण मला वाटायचं, माणसांचं घर आहे, शेजारीपाजारी येऊन बसत असतील, आत्या परड्यात असेल. वाडीवर शेवटची शाळेत असताना गेलेली, नुसता रविवारी फोन लावणारी मी, मला काय माहीत तो फोन राहतो कुठं.

निघालो. रत्नागिरी रोडचं तेव्हा रुंदीकरण चाललेलं, मधेच डांबर, मधेच नुसती लाल माती, आणि त्यात उसाचा सीझन. पुढं दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, त्यावर फाटके स्पीकर लावून बेंबीच्या देठापासून चाललेली गाणी, आणि आम्ही मागं धूळ खात. ओव्हरटेक करायला जागा नाही. एरवी मी या ट्रॅक्टरवाल्यांना शिव्या घालते, त्या दिवशी दुप्पट घातल्या, कारण मागं बसलेली बाई दर वळणावर माझ्या खांद्यावरून हात पुढं काढून फोनची स्क्रीन बघत होती. आरशात मला रस्ता दिसायचा सोडून फोनच दिसायचा.

“आत ठेव तो! पडशील!”

“एक काडी हाय. आता दोन. आता एक.”

असं करत बांबवडे गेलं. तिथून पुढं तिनं काड्या मोजायचं सोडलं आणि स्वतःच्या भाषेत काहीतरी पुटपुटायला लागली. प्रार्थना होती की शिव्या होत्या, मी विचारलं नाही.

मलकापुरात स्टँडसमोर चहाला थांबलो. नेट चालू होतं. तिनं मावशीला व्हिडिओ कॉल लावला. ही मावशीच तिकडं बहिणीजवळ होती. मावशीचा चेहरा अर्धाच दिसत होता, मागं दवाखान्याची हिरवी भिंत. दोघी भराभरा बोलल्या. मला कळलं एवढंच की मावशी मान हलवत होती आणि ती मान कुठल्या अर्थानं हलतेय ते कळत नव्हतं.

“काय म्हणाली?”

“अजून न्हाय. डॉक्टर म्हणतो थांबा. रक्त मागवलंय.”

“कशाला?”

“ते मला सांगत न्हाय कुणी.” तिनं चहा तसाच ठेवला. चहावाल्यानं विचारलं, “काय पावणं, गोड कमी झाला काय?” तर तिच्या डोळ्यांत पाणी. तो बिचारा गडबडला आणि दुसरा कप घेऊन आला. तोही गार झाला.

तिथून निघायच्या आधी तिनं मावशीला मेसेज टाकला, की नेट लागलं नाही तर साधा फोन करा, माझ्या इथल्या नंबरवर. मी म्हटलं, काही गरज नाही, तिथं सगळं आहे. म्हटलं म्हणजे काय, छातीवर हात मारून म्हटलं.

मलकापूर सोडून आत वळलो आणि डोंगर सुरू झाला तसा फोन मेला. एक काडी नाही, काही नाही. आत्याच्या अंगणात गाडी लावली तोवर तिच्या फोनवर नेटवर्कच्या जागी नुसती फुली होती.

तिनं हेल्मेट काढलं नाही. तशीच उभी राहिली आणि मला म्हणाली, “तू म्हणालीस हाय.”

“असणार. जरा फिरून बघ.”

ती अंगणात फिरली. गोठ्यात गेली, म्हशीच्या पाठीवर हात टेकून फोन उंच धरला. उकिरड्यावर चढली. आत्या भाकरी थापायची सोडून पिठाच्या हातानं दारात येऊन बघत राहिली, की पाहुणी आलीय का भूतबाधा झालीय.

“आत्या, रेंज कुठं हाय गं?” मी विचारलं.

“रेंज?” आत्या म्हणाली. “आगं, रेंज घरात कशाला येतीया? वर जांभळीवर हाय की.”

मग कळलं. वाडीच्या वर टेकाडावर एक जुनी जांभळ आहे. सगळ्या वाडीत रेंज येते ती फक्त तिच्या बुंध्याशी, तीही डाव्या अंगाला. म्हणून सगळ्यांचे फोन तिथंच टांगलेले असतात. प्लॅस्टिकच्या पिशव्या, फांदीला सुतळीनं बांधलेल्या, प्रत्येक पिशवीत एक फोन. कुणाची पिशवी दुधाची, कुणाची फरसाणाची, कुणी ओळखीला लाल चिंधी बांधलेली. फोन वाजला की जो कुणी जवळ असेल तो उचलतो, कुणाचा आहे ते बघतो आणि खाली हाळी देतो. माणूस येऊ शकत नसलं तर निरोप ऐकून घेतो आणि तो निरोप ओरडून सांगतो. शिमग्याला कुणाचा जावई येणार, कुणाची पोरगी नापास झाली, कुणाच्या म्हशीचा व्यवहार फिसकटला, सगळं सगळ्यांना माहीत. वाडीत गुपित म्हणून काही शिल्लकच नाही, आणि कुणाची काही तक्रारही नाही. आणि मी शहाणी इतकी वर्षं आत्याला फोन करून आईची गाऱ्हाणी सांगत होते, ती अख्ख्या वाडीनं ऐकलेली!

मैत्रिणीनं पुढचं ऐकलंच नाही. ती टेकाड चढायला लागली होती. हेल्मेटसकट.

जांभळीखाली एक म्हातारी बसलेली. घर तिथंच दोन पावलांवर, चार शेळ्या. आसपास दुसरं कुणी नसलं की तीच फोन उचलते. तिला वाचता येत नाही, पण कुठली पिशवी कुणाची ते पाठ. कपाळावर मोठं गोंदण आणि आवाज असा की पलीकडच्या डोंगरावरचं गुरं राखणारं माणूस मागं वळून बघेल.

“ही कोण गं?” तिनं मला विचारलं.

मी सांगितलं. बहिणीचंही सांगितलं. म्हातारीनं मैत्रिणीला नीट बघून घेतलं, मग फांदीवरची एक रिकामी पिशवी झटकून पुढं केली. “घाल हितं. हातात धरून न्हाय लागत. झाडालाच लागतोय.”

खरंच. फोन हातात होता तोवर फुली. पिशवीत घालून फांदीला लावला आणि एक काडी उगवली. नेट नाहीच, पण एक काडी. मैत्रीण पिशवीसमोर बसली आणि तिच्यावर नजर लावून राहिली.

मी पण बसले. पण मला बसवेना. उठले, शेळ्यांकडं गेले, आले, बसले, पुन्हा उठले. एकेक फोन वाजायचा आणि आम्ही दोघी दचकून उभ्या राहायचो, आणि तो फोन दुसऱ्याच पिशवीतला असायचा. म्हातारी सावकाश उठायची, सावकाश पिशवी सोडायची. “कुणाचं पायजे?” मग निरोप ऐकायचा. मग तोंडाशी दोन्ही हात धरून खाली हाळी: “ए अमक्याच्या आयेऽऽ! तुजा ल्योक यायला न्हाय! सुट्टी न्हाय म्हंतोय!” खालून कुणीतरी ओरडायचं, “बरं!” मी बघत बसले. एरवी मला हसायला आलं असतं.

“तिकडं फोन लाव तूच,” मी मैत्रिणीला म्हटलं.

“माझ्या कार्डावरनं परदेशात लागत न्हाय. तिकडनंच आला पाहिजे.”

म्हणजे आमच्या हातात काहीच नव्हतं. बसा आता!

“मलकापूरला परत जाऊ,” मी म्हटलं. “तिथं नेट हाय.”

ती उठली. लगेच बसली. “वाटेत आला तर? वाटेत फुली हाय सगळी.”

जावं तरी अडचण, थांबावं तरी अडचण. माझीच अक्कल गहाण पडली होती, आणि राग मात्र मला रस्त्यावर, डोंगरावर, सरकारवर येत होता.

एवढ्यात आत्याच वर आली. धापा टाकत, पदर खोचून. मामांनी, म्हणजे आत्याच्या मालकांनी, पाहुणी आली तसं लगेच कोंबडं कापलं होतं. “जेवाय चला. रस्सा निवतोय.”

“आत्या, ती न्हाय येणार. तिचा फोन यायचाय.”

“आगं मग फोन झाडावर हाय न्हवं? आणि ही बसल्या न्हवं?” आत्यानं म्हातारीकडं बोट दाखवलं. “माझ्या घरातनं कोण उपाशी गेलंय का आजपतूर? लेकुरवाळीची काळजी उपाशीपोटी करत्यात व्हय?” आणि माझ्या मैत्रिणीचा दंड धरला. आत्यानं धरलेला दंड सोडवून घेतल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

म्हातारी म्हणाली, “जा पोरी. म्या हाय.”

आम्ही खाली आलो. ताटं मांडलेली. नाचणीची भाकरी, तांबडा रस्सा, सुकं, कांदा, भात. मैत्रिणीनं भाकरीचा वास घेतला आणि तिचा चेहरा क्षणभर सैल झाला. नाचणी तिच्या गावातही पिकते, तिची पेज बाळंतिणीला देतात, असं ती म्हणाली. म्हणाली, आणि हातातला घास तिनं परत ताटात ठेवला. आत्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि भाकरीवर आणखी अर्धी भाकरी टाकली. मी दाराकडं तोंड करून बसले होते, कान टेकाडाकडं.

दुसरा घास माझ्या तोंडात असताना वरून हाळी आली.

“ए पावणीऽऽ! फोनऽऽ! तुजा फोनऽऽ!”

ती ताटावरून उठली ती ताट ओलांडूनच. रस्सा सांडला, आत्या “आगं बया” म्हणाली, मी खरकट्या हातानं मागं. मधे बांध, पुढं निवडुंगाचं कुंपण, त्यातून वाट. ती अनवाणी पळत होती. म्हातारी वर फांदीला चिकटून फोनमध्ये काहीतरी बोलत असलेली दिसत होती, हातवारे करून, समोर माणूस उभं असल्यासारखी. आम्ही शेवटचा चढ चढलो आणि तिनं फोन कानावरून काढून त्याच्याकडं बघितलं.

“तुटला,” म्हातारी म्हणाली.

मैत्रिणीनं फोन ओढून घेतला. तिच्या देशाचा नंबर, पण ओळखीचा नाही, कुणातरी परक्याच्या फोनवरून केलेला. फांदीला टेकवून तिनं उलट लावला. पलीकडून एक गोड आवाजाची बाई म्हणाली की ही सुविधा आपल्याला उपलब्ध नाही. तिनं पुन्हा लावला. बाई पुन्हा तेच म्हणाली. मी तो फोन मैत्रिणीच्या हातातून काढून घेऊन पुन्हा पिशवीत घातला.

“कोण बोललं?” मी म्हातारीवर ओरडले. “बाई का बाप्या? काय म्हणालं? बहीण बरी हाय का?”

“आरडू नगंस,” म्हातारी म्हणाली. “सांगतो.” आणि ती आधी दगडावर बसली, पदरानं तोंड पुसलं. “निरोप मधनं सांगायचा नसतोय. पयल्यापास्नं सांगायचा.”

तो तिचा नियमच होता. एकदा म्हणे कुणा सुनेनं अर्धाच निरोप ऐकून दिराला मुंबईला पळवलं होतं आणि तिथं काही झालेलंच नव्हतं. तेव्हापासून म्हातारी निरोप ज्या क्रमानं ऐकला त्याच क्रमानं सांगते. मला हे नंतर कळलं. त्या वेळी माझ्या अंगाची नुसती लाही होत होती.

“पयल्यांदा बाप्या बोलला. लई घाईत. म्या म्हनलं, पावणं, हळू बोला, ती जेवाय गेल्या. त्याला काय कळंना, मला काय कळंना. मग मागं गलका. कायतरी भांडं पडलं.”

“मग?”

“मग बाप्या कुणाला तरी हाक मारत गेला. पायांचा आवाज.”

“आज्जी, शेवट सांगा की! शेवटी काय झालं?”

“शेवट शेवटीच सांगनार. मग बाळ रडलं.”

“झालं!” मी उडीच मारली. “बाळ झालं! आगं, झालं!” मी मैत्रिणीला मिठी मारली, आणि ती मिठीत खांबासारखी उभी. तिच्या अंगात जराही हालचाल नव्हती. तेव्हा मला त्या टाळ्या आठवल्या आणि मी जीभ चावली.

तिनं मला बाजूला केलं आणि म्हातारीसमोर मातीत गुडघे टेकले.

“आज्जी,” ती म्हणाली. “बाळ नको. बाळाची आई सांगा.”

म्हातारीनं तिच्याकडं बघितलं. गोंदणाखालच्या सगळ्या सुरकुत्या हलल्या. मग हळू आवाजात, तिचा तो डोंगरी आवाज पार खाली आणून, ती म्हणाली, “तेच सांगाय लागलोय, बाई. मग एक बाईमाणूस आलं फोनवर.”

“म्हातारी का तरणी?” मी विचारलं.

“आवाज बसल्याला. लई दमल्याली. धड बोलाय येत न्हवतं तिला.”

मैत्रिणीनं मान हलवली. “ती मावशी असंल. मावशी रात्रभर जागी हाय. तिचा आवाज पण बसलाय. मी सकाळी ऐकला.”

हे मला सुचलंच नव्हतं. मीही सकाळी स्टँडसमोर ऐकला होता तो आवाज. बसलेला, दमलेला. आत्याही मागून वर येऊन उभी होती, हातात मैत्रिणीची चप्पल.

“ती काय बोलली ते मला कळाय न्हाय,” म्हातारी पुढं म्हणाली. “पर म्या तिला सांगिटलं. म्हनलं, बाई, तुजी भन हितं हाय, चांगली हाय, जेवाय बसल्या, काळजी करू नगंस. बाळाला पदराखाली घे म्हनलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मधी हुं केलं. मग ती बोलली, मग म्या बोललो. आनि मग तिनं हाक मारली.”

“कुणाला?”

“हिला की. लांबच्या माणसाला मारत्यात तशी. तिला वाटलं असंल, ही हितंच कुटंतरी जवळ हाय.”

आणि म्हातारीनं डोळे मिटले, ओठ एकदा नुसतेच हलवून बघितले, आणि एक शब्द म्हणाली. दोन अक्षरी. शेवटचं अक्षर लांबवलेलं.

मी तो शब्द कधी ऐकला नव्हता. हजेरीला ते नाव नव्हतं. हॉस्टेलवर तिला कुणी त्या नावानं बोलवत नव्हतं. सकाळी मावशीच्या बोलण्यातही तो नव्हता. मी मैत्रिणीकडं बघितलं. तिनं दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबून धरले होते आणि ती मागं-पुढं झुलत होती.

“काय झालं? काय झालं गं? बोल की!”

तिनं सांगायला घेतलं. आधी इंग्रजीत सुरुवात केली, मग मराठीत, मग तिच्या भाषेत, मग पुन्हा मराठीत. ती जन्मली तेव्हा बहीण बोबडी बोलायची. हिचं नाव बहिणीला म्हणता यायचं नाही, म्हणून तिनं आपलं आपण हे नाव पाडलं. घरात दुसरं कुणीच ते म्हणत नाही. बाप नाही, मावशी नाही, भाऊ नाही. आई होती तेव्हा आईसुद्धा नाही. जगात एकच माणूस तिला त्या नावानं हाक मारतं. आणि त्या माणसानं आत्ता, थोड्या वेळापूर्वी, हाक मारली होती.

“तीच,” ती म्हणाली. “तीच ती. बोलली. ती बोलली.”

मग मात्र ती रडली. अशी रडली की आत्यानं चप्पल टाकली आणि खाली बसून तिला पोटाशी धरलं. मी पण रडले, सांगायला काय लाज. म्हातारीला कळेना की एवढ्या आनंदाच्या निरोपाला या पोरी का रडतायत. “काय चुकलं काय माजं?” ती आत्याला विचारत होती.

ते नाव मी इथं लिहीत नाही. त्या दोघी बहिणींचं आहे ते.

जरा वेळानं मैत्रिणीनं डोळे पुसले आणि म्हातारीचा हात धरला. “आज्जी, परत म्हणा की.”

म्हातारी म्हणाली.

“आजून एकदा.”

म्हातारीनं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. पुन्हा म्हणाली. दोन वर्षांत या देशात तिला त्या नावानं कुणी बोलावलं नव्हतं. ती आणखी पुढं सरकली. “परत.”

“आता गं माझे आये,” म्हातारी म्हणाली. उठली, टेकाडाच्या कडेला गेली, तोंडाशी दोन्ही हात धरले आणि ते नाव सगळ्या वाडीवर फेकलं. भरल्या छातीनं, शेवटचं अक्षर चांगलं लांबवून.

खाली अंगणात मामा एकटेच ताटं राखत बसले होते. त्यांना काय ठाऊक. त्यांना वाटलं पाहुणीचं नाव कळवलंय. ते ओट्यावर उभे राहिले आणि त्यांनी खालून तेच नाव घेऊन हाक मारली, “चल गं, भात गार झाला!”

माझी मैत्रीण उठली, ओ दिली आणि उतार उतरायला लागली.